दिल्ली बघायचीय? मग आधी एक माणूस धरा

आपल्याकडचे लोक दिल्लीला गेले की काय करतात, तर एक टॅक्सी ठरवतात आणि लाल किल्ला, इंडिया गेट, कुतुबमिनार, राजघाट सगळं एका दिवसात उरकून टाकतात, मग रात्री हॉटेलवर फोटो बघताना कुठला घुमट कुठला तेच आठवत नाही. मी पण पहिल्या खेपेला हेच केलं, वर लाल किल्ला सोमवारी बंद असतो हे थेट गेटवर पोचल्यावर कळलं आणि घरच्यांनी ते मला अजून ऐकवायचं सोडलेलं नाही.

दुसऱ्या वेळी शहाणपण आलं. जागांची यादी करायचीच नाही, एक माणूस धरायचा आणि त्याच्या मागे मागे फिरायचं. दिल्लीत त्यासाठी गालिबसारखा माणूस नाही. जायच्या आधी त्याचे शेर नाही वाचले तरी चालेल पण पत्रं वाचा, अनुवादातून का होईना. 1857 नंतर उजाड झालेली दिल्ली, कोण मेलं, कोण शहर सोडून गेलं, कुठला मोहल्ला पाडला, पेन्शन कशी अडकली, सगळं तो समोर बसून गप्पा मारल्यासारखं सांगतो.

फिरायला मेट्रोची व्हायलेट लाईन पकडा, बहुतेक काम तिच्यावरच होतं. लाल किला स्टेशनला उतरा आणि चांदनी चौकातून सरळ चालत सुटा, डावीकडे बल्लीमारान लागतं, चष्म्यांची आणि चपलांची दुकानं दिसायला लागली की समजा आलं, आत गल्ली कासिम जान. तिथे गालिबची हवेली, म्हणजे हवेलीचा उरलेला तुकडा, आयुष्याची शेवटची वर्षं तो इथे राहिला. मधल्या काळात इथे कोळशाची वखार होती, नुसतं ‘म्हणे’ नाही, खरंच होती. मोठं काही असेल म्हणून जाऊ नका, दहा मिनिटांत बघून होतं. पण भिंतीजवळ जाऊन विटा बघा, लाखोरी विटा म्हणतात त्यांना, पातळ, चपट्या, आपल्या विटेपुढे बिस्किटासारख्या, जुनी दिल्ली याच विटांवर उभी आहे आणि एकदा ओळखायला शिकलात की मग पडक्या भिंतीतसुद्धा त्या दिसायला लागतात. आणि आत गालिबचा जो अर्धपुतळा आहे ना, तो आपल्या सोलापूरच्या भगवान रामपुरेंनी केलाय.

तिथून जामा मशीद स्टेशनला या आणि जवाहरलाल नेहरू स्टेडियमपर्यंत जा, पुढे निजामुद्दीनला रिक्षा. गालिब 1869 मध्ये गेला, त्याची कबर इथेच, छोटीशी संगमरवरी. बहुतेक जण तिथून पाच पावलांवरून दर्ग्याकडे निघून जातात. दर्ग्यात आधी कवी अमीर खुसरोच्या मजारीवर जायचं आणि मग त्याचे गुरू, सूफी संत निजामुद्दीन औलियांकडे, अशी रीत आहे. दोघंही 1325 मध्येच गेले, गुरू आधी आणि काही महिन्यांनी शिष्य. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा. गुरुवारी संध्याकाळी कव्वाली असते पण गर्दी फार, गर्दीचा त्रास होत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. आणि आवारातच शहाजहानची मुलगी जहाँआरा आहे, ती शोधाच. ज्या चांदनी चौकातून तुम्ही सकाळी चालत आलात तो हिनेच आखला आणि हिची कबर बघाल तर वर छत नाही, कबरीवर फक्त माती आणि गवत, तिनेच तसं सांगून ठेवलेलं. मला ताजमहालपेक्षा ती जास्त लक्षात राहिली, हसायचं तर हसा.

आता मराठी माणूस म्हणून एक वेगळा धागा. लाल किल्ल्यात (सोमवार सोडून!) दिवाण-ए-खासमध्ये गेलात की सगळे भिंतीवरची नक्षी बघतात, तुम्ही मान वर करून छत बघा. इथलं चांदीचं छत 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून वितळवलं आणि त्याची नाणी पाडली, फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता. पुढच्या जानेवारीत पानिपत. आपल्याच लोकांनी केलंय, त्यामुळे तिथे उभं राहिल्यावर नक्की काय वाटावं तेच कळत नाही.

मंडी हाऊसला साहित्य अकादमी आहे, स्थापना 1954 ची, आणि त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरलेलं. नंतर थेट 2025 मध्ये तालकटोरा स्टेडियमला, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. अकादमीत पुस्तकं घ्यायलाच जा, बाकी बघायला विशेष काही नाही.

रविवार मात्र पुस्तकांसाठी राखून ठेवा. दरियागंजच्या फुटपाथवर शोधत बसू नका, तो बाजार 2019 मध्ये आसफ अली रोडवर महिला हाटला हलवला, स्टेशन दिल्ली गेट. सकाळी लवकर जा, रिकामी सॅक न्या, आणि परतीच्या फ्लाईटचं वजन आधी बघून ठेवा, मी नव्हतं बघितलं.