बंदुकीचा धक्का आणि गोळीची ऊर्जा: गणित सोडवताना या चुका टाळा

क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, मग गोळी फळी फोडते आणि बंदूक खांदा का फोडत नाही? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला फार आवडतो. तो या विषयातल्या सगळ्यात मोठ्या गल्लतीपाशी येऊन थांबलेला असतो: संवेग (वस्तुमान गुणिले वेग) समान असतो, म्हणून ऊर्जाही समान असणार असं त्याने गृहीत धरलेलं असतं.

आकडे घालून पाहू. १० ग्रॅमची गोळी ८०० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटली. तिचा संवेग ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ४ किलोग्रॅमची रायफल तेवढ्याच संवेगाने मागे येणार, म्हणजे तिचा वेग २ मीटर प्रति सेकंद. आता गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे असलेली ऊर्जा (अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) काढा. गोळीची ३२०० ज्यूल, रायफलची अवघी ८ ज्यूल! रायफल ४०० पट जड, म्हणून तिच्या वाट्याला ऊर्जा ४०० पट कमी.

असं का होतं, हे सूत्रापेक्षा अंतरातून जास्त छान कळतं. दोघांवर बल तेवढंच आणि तेवढाच वेळ होतं. पण त्या वेळात गोळी ६० सेंटिमीटरची नळी पार करते आणि मोकळी रायफल जेमतेम दीड मिलिमीटर सरकते. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. विस्थापनच नाही, तर ऊर्जा कुठून येणार? या दीड मिलिमीटरमुळे आणखी एक समज खोटा ठरतो. गोळी बाहेर पडल्यावरच धक्का सुरू होतो असं अनेकांना वाटतं. खरं तर गोळी नळीत हलू लागताच रायफलही मागे निघालेली असते. आणि ती हवेला रेटून मागे येत नाही. निर्वात पोकळीतही धक्का बसेल.

पाठ्यपुस्तकातल्या गणितात बंदुकीची दारू जळून होणारा वायू हिशेबात धरत नाहीत. तिथे ते ठीक आहे, पण खऱ्या बंदुकीचा धक्का मोजताना ती चूक महागात पडते. नळीतून ३ ग्रॅम दारूचा वायूही गोळीच्या मागोमाग सुटतो, तोही गोळीपेक्षा जास्त वेगाने. तो सरासरी १२०० मीटर प्रति सेकंद धरला, तर संवेगात ३.६ ची भर पडते. रायफलचा वेग २.९ होतो आणि ऊर्जा ८ वरून जवळजवळ १७ ज्यूलवर जाते. दुपटीहून जास्त!

आता लंबकाचं गणित. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये गोळीचा वेग मोजण्याची ही रीत मांडली: टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतवायची आणि ठोकळा किती वर जातो ते पाहायचं. इथे विद्यार्थी गोळीची सगळी गतिज ऊर्जा थेट स्थितिज (उंचीमुळे मिळणाऱ्या) ऊर्जेत घालतात. १० ग्रॅमची गोळी ४०० मीटर प्रति सेकंद वेगाने १.९९ किलोग्रॅमच्या ठोकळ्यात शिरली, तर या रीतीने ठोकळा सुमारे ४१ मीटर वर जायला हवा. खरं उत्तर २० सेंटिमीटर. ८०० पैकी ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जातात. गोळी रुतेपर्यंत एकूण संवेग कायम राहण्याचा नियम लावायचा, त्यानंतर वर जाताना ऊर्जा कायम राहण्याचा. उत्तर ४१ मीटर आलं की पेन खाली ठेवून विचार करायला हवा.

चित्रपटात गोळी लागलेला माणूस मागे उडतो, तेही याच हिशेबात बसत नाही. आपली पहिली गोळी ७० किलोग्रॅमच्या माणसात थांबली, तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला सुमारे ११ सेंटिमीटर. तो कोसळतो, पण जखमेमुळे.

ग्रॅमचे किलोग्रॅम न करणं आणि मागे येणाऱ्या वेगाचं ऋण चिन्ह विसरणं या चुका सर्वांना माहीत आहेत, तरी रोज होतात.

दस्त्यावरच्या (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावरच्या) रबरी गादीबद्दल मात्र थोडं सविस्तर. गादी संवेग कमी करत नाही. खांद्याला तेवढाच संवेग झेलावा लागतो, फक्त थांबण्याचा वेळ वाढतो आणि बल उतरतं. रायफल जड केली तर वेग आणि ऊर्जा दोन्ही घटतात: वस्तुमान दुप्पट, ऊर्जा निम्मी. दस्ता खांद्याला घट्ट टेकवला की शरीराचं वस्तुमानही रायफलसोबत मागे जातं. सैल धरलेली रायफल आधी एकटीच वेग घेते आणि मग खांद्यावर आदळते.