काजूचं कोटिंग केलेलं चिकन, करपवून करपवून शिकलेलं

माझी सासुरवाडी वाळपईकडची, त्यामुळे मे संपत आला की तिकडून काजूची पिशवी येतेच. अख्खे काजू बायको डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवते, चतुर्थीला लागतात म्हणून, आणि तुकडा माझ्या वाट्याला. तो संपवायचा कसा हा दर वर्षीचा प्रश्न, त्यातून हे चिकन सुरू झालं. बाहेरच्या रेसिप्यांमध्ये बदाम नाहीतर पेकान लावलेले असतात, पण गोव्यात बसून बदाम विकत आणायचे आणि चिकनला थापायचे हे काय मला पटेना.

पहिल्यांदा केलं तेव्हा मेव्हणा जेवायला होता. वरून छान तपकिरी रंग आला, मला वाटलं जमलं, सुरी घातली तर आतून गुलाबी. परत पॅनमध्ये टाकलं तर आतलं शिजेपर्यंत वरचा कोळसा. मेव्हणा काही बोलला नाही, नुसती सोलकढी दोनदा मागून घेतली.

नंतर कळलं की चूक काजूची नाही, माझी. काजूमध्ये जवळजवळ निम्मं तेल असतं, शिवाय थोडी साखर आणि पिठूळपणा, त्यामुळे तो ब्रेडक्रम्सपेक्षा लवकर लाल होतो आणि लाल झाल्यावर काळा व्हायला मिनिटसुद्धा लागत नाही. म्हणजे चिकन पातळ हवं, आच कमी हवी, आणि काजू एकटा नको, सोबत रवा हवा. एवढं सांभाळलं तर बाकीचं जमतंच, पण हे चुकलं तर कितीही भारी मसाला लावा, काही उपयोग नाही.

चार माणसांना मी हे घेतो: बोनलेस ब्रेस्ट अर्धा किलो (मोठे दोन), काजू तुकडा दीडशे ग्रॅम, बारीक रवा तीन मोठे चमचे, तांदळाचं पीठ तीन-चार चमचे, एक अंडं, अर्धं लिंबू, हळद, मीठ, आणि रेशाद मसाला (आमच्याकडचा आंबट-तिखट लाल मसाला, कृती खाली आहे) दोन चमचे.

काजूबद्दल आधी सांगतो. दुकानात डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे आकडे लिहिलेले असतात ना, ते म्हणजे एका पाउंडात साधारण किती अख्खे काजू बसतात ते, त्यामुळे आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. आपण तो कुटणारच आहोत, त्यामुळे त्या आकड्यांच्या नादाला लागू नका, सरळ तुकडा मागा. पण साधा पांढरा, न भाजलेला. पर्यटक पाकिटं नेतात ते खारे नाहीतर मसाल्याचे भाजलेले काजू इथे चालत नाहीत, ते आधीच भाजलेले असल्यामुळे पॅनमध्ये लगेच करपतात आणि मीठही डबल होतं. आणि ओले काजू तर अजिबात नको, त्यांची भाजी करा, त्यांच्यात पाणी असतं, कुटले की लगदा होतो.

पावसात काजू सादळतो. जून-जुलैत करणार असाल तर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, रंग येऊ द्यायचा नाही, फक्त ओल गेली पाहिजे. मग ताटात पसरून पूर्ण गार करा. हे गार करणं मी एकदा घाईत टाळलं, गरम काजू मिक्सरला लावले आणि दहा सेकंदात भांड्याच्या तळाशी काजूचं लोणी. मुलीने ब्रेडला लावून खाल्लं, वाया गेलं नाही, पण चिकन त्या दिवशी साधंच झालं.

मिक्सर वापरायचाच असेल तर पल्सवर, एक-एक सेकंद, पाच-सहा वेळा, मधे भांडं हलवायचं. मला तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून लाटणं फिरवलेलं जास्त आवडतं, हाताला कळतं कितपत झालंय. जाड रव्याएवढं पाहिजे, मधेमधे मसुराएवढे तुकडे राहिले तर उत्तमच, खाताना तेच दाताखाली येतात. मग त्यात बारीक रवा आणि चिमूटभर मीठ मिसळा. रवा कशाला, तर आपण मासळी रव्यात घोळवून तळतो तेव्हा जो कुरकुरीतपणा येतो तो एकट्या काजूला येत नाही, काजू मऊच राहतो, रवा त्याला कणा देतो.

आता मसाला. काजू गोडसर, ब्रेस्ट बेचव, दोन्ही एकत्र केले की पांढरं पांढरं हॉस्पिटलचं जेवण लागतं. त्यामुळे खाली आंबट आणि तिखट काहीतरी पाहिजेच, आणि त्याला रेशादपेक्षा चांगलं मला काही सापडलं नाही. रेशाद म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘भरलेलं’, आपण बांगड्यात भरतो तोच मसाला. घरात बाटली असेल तर तीच घ्या. नसेल तर दहा-बारा काश्मिरी मिरच्या, सात-आठ लसणीच्या पाकळ्या, इंचभर आलं, अर्धा चमचा जिरं, आठ मिरीदाणे, तीन लवंगा, छोटा दालचिनीचा तुकडा, थोडी हळद आणि सुपारीएवढी चिंच, हे सगळं माडाच्या विनेगरमध्ये भिजवून घट्ट वाटा. पाणी घालू नका. आमची आई विनेगर घरात घेत नाही, ती चिंच वाढवते आणि वाटण्यापुरतंच पाणी घेते, तेही चांगलं लागतं, फक्त असा मसाला जास्त दिवस टिकत नाही. साखर मात्र यात घालू नका, बांगड्याला चालते, इथे ती काजूच्या आधी करपते. मिरची आणि काजू, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आलेल्या वस्तू, आणि आता आम्ही त्यांच्यावर असा हक्क सांगतो जसं काय परशुरामाने बाण मारला तेव्हापासून इथेच उगवत होत्या.

काफ्रियाल, म्हणजे कोथिंबिरीच्या वाटणातलं गोव्याचं चिकन, त्याचा हिरवा मसाला लावून पण बघितला. चव सुंदर, पण कोथिंबिरीचं पाणी सुटतं आणि कोटिंग सालासारखं निघून येतं. नको.

चिकनवाल्याला आधीच सांगायचं, कुडके करूं नाका, ब्रेस्ट अख्खं दे, नाहीतर तुम्ही पैसे काढेपर्यंत त्याचा सुरा चाललेला असतो. घरी आणल्यावर ब्रेस्ट पाटावर आडवं ठेवा, वर तळहात दाबून धरा आणि सुरी आडवी घालून पुस्तकासारखे दोन भाग करा, दोन ब्रेस्टचे चार तुकडे होतील. मग प्लास्टिकखाली ठेवून लाटण्याने हलके हलके ठोका, जाड बाजूला जास्त, टोकाला कमी, सगळीकडे साधारण एक सेंटिमीटर जाडी झाली पाहिजे. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि माझा पहिला पराभव इथेच झाला होता, मी अख्खं ब्रेस्ट तसंच टाकलं होतं. टिश्यूने नाहीतर स्वच्छ फडक्याने कोरडं टिपा. मीठ, लिंबू, हळद लावा, वर रेशादचा पातळ हात फिरवा, दोन चमच्यांतला दीड इथे संपेल. अर्धा तास फ्रीजमध्ये.

अर्ध्या तासाने तीन ताटल्या मांडा. एकीत तांदळाचं पीठ, दुसरीत उरलेला अर्धा चमचा रेशाद घालून फेटलेलं अंडं, तिसरीत काजू-रवा. चिकनवर मसाल्याचा जाड थर दिसत असेल तर बोटाने पुसून काढा, ओला मसाला जास्त झाला की वरचं सगळं घसरतं. पिठात घोळवा, झटका, अंड्यात बुडवा, निथळू द्या, मग काजूवर ठेवून तळव्याने दाबा, नुसतं भुरभुरवू नका, दाबाच. एक हात कोरड्यासाठी आणि एक ओल्यासाठी ठेवा, नाहीतर चिकनपेक्षा जाड कोटिंग तुमच्या बोटांवर चढतं आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. झालेले तुकडे ताटात सुटे सुटे मांडून परत वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, पीठ ओल शोषून घेतं आणि थर घट्ट बसतो.

तळताना जाड बुडाचा पसरट पॅन घ्या, नाहीतर बिडाचा तवा. तेल चार-पाच चमचे, तळ झाकला पाहिजे पण चिकन बुडायला नको. आच मध्यमपेक्षा थोडी कमी. काजूची चिमूट टाकून बघा, बारीक बुडबुडे येऊन हळूहळू रंग आला पाहिजे, टाकल्या टाकल्या लाल झाली तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, खरंच थांबा. एका वेळी दोनच तुकडे. टाकल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. माझी बायको दर अर्ध्या मिनिटाला उचलून खालून बघते आणि मग म्हणते तुझं कोटिंग सुटतं. कडेला सोनेरी दिसायला लागलं आणि आवाज चरचर वरून बारीक फसफसण्यावर आला की रुंद उलथण्याने एकदाच पलटा, मग तीन-चार मिनिटं. चिमटा नको, चिमट्याने थर फुटतो.

शिजलं का हे रंगावरून ठरवू नका, काजूचा रंग खोटं बोलतो. किचन थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात ७४ डिग्री सेल्सिअस दिसलं पाहिजे. नसेल तर एक तुकडा मधोमध कापून बघायचा, आत गुलाबी नको आणि येणारं पाणी स्वच्छ हवं. तो कापलेला तुकडा स्वयंपाक करणाऱ्याने खायचा असतो, असा आमच्या घरी मी नियम केलाय. वरून रंग झाला आणि आत कच्चं असेल तर पॅनवर झाकण ठेवू नका, वाफेने सगळं मऊ पडतं, गॅस अगदी बारीक करा किंवा १८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं सरकवा.

दुसरी जोडी टाकण्याआधी पॅनमधला पडलेला चुरा काढून टाका. तोच जळून पुढच्या तुकड्याला काळे ठिपके लावतो आणि कडू चव पण त्याचीच येते.

ओव्हनमध्येच करायचं तर १९० डिग्री, जाळीवर, वरून थोडं तेल शिंपडून पंधरा मिनिटांच्या आसपास. एअर फ्रायरला १८० वर दहा-बारा मिनिटं, पण पंखा वरचा सुटा काजू उडवतो, म्हणून दाबताना जास्त जोर लावा. चव मला पॅनचीच आवडते.

पाहुणे असतील तर काजूची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का ते आधी विचारा, रव्यात मिसळलेला काजू बघून कळत नाही.

तळलेले तुकडे टिश्यूवर नको, जाळीवर ठेवा, नाहीतर खालची बाजू भिजते. सोबत कांदा, काकडी, लिंबाची फोड आणि सोलकढी. आमच्याकडे संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की मी पॅन गॅसवर चढवतो, गरम पोई (आमच्याकडचा गव्हाचा पाव) आणि चिकन बरोबर एकाच वेळी ताटात पडतं. उरलं तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह करू नका, तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम करा, उभे काप करून पोईत भरा आणि आत रेशादचं एक बोट फिरवा. फक्त हे सोमवारी करायला जाऊ नका, आई स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाही.