कयाकवर जाताना काय घालावे आणि काय घरी ठेवावे

तारकर्ली-देवबागच्या कर्ली नदीत किंवा गोव्याच्या साळ नदीत भाड्याने मिळणारी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, बहुधा वरून उघडी असते, म्हणजे आपण तिच्या आत नव्हे, तर तिच्या पाठीवर बसतो. बसण्याच्या खळग्यात पाणी निघून जावे म्हणून भोके ठेवलेली असतात आणि ज्या भोकांतून पाणी जाते त्यांतूनच थोडे वरही येते, त्यामुळे कितीही सराईतपणे वल्हवले तरी पहिल्या पाच मिनिटांत बैठक ओली होते. शिवाय दुहेरी पात्याच्या वल्ह्याचे एक पाते पाण्यात असताना दुसरे हवेत असते आणि त्यावरचे पाणी दांड्यावरून ओघळत थेट मनगटाशी येते. तेव्हा ‘भिजलो तर काय’ हा विचार सोडून भिजणार हे गृहीत धरावे आणि कपडे निवडताना एकच प्रश्न विचारावा: हे अंगावर असताना पाण्यात पडलो, तर पोटावर आडवे होऊन, पाय मारत, पुन्हा कयाकवर चढता येईल का?

या प्रश्नात पहिली बाद होते ती जीन्स. भिजलेली जीन्स जड होते, मांडीला चिकटते आणि नेमका गुडघा दुमडून वर घ्यायच्या वेळी दुमडू देत नाही. सुती ट्रॅक पँट तिच्या खालोखाल. तिचे पाणी आधी बुडाशी आणि मग पायांच्या टोकांशी साठते, आणि किनाऱ्यावर उतरणारा माणूस एका हाताने वल्हे आणि दुसऱ्या हाताने पँट धरून चालू लागतो. सुती नाडीची गाठ तर भिजल्यावर अशी आवळते की ती सोडवायला दात लागतात, म्हणून आत पक्के इलॅस्टिक असलेली नायलॉनची किंवा पॉलिस्टरची बर्मुडा घ्यावी आणि दोरी असलीच तर तीही कृत्रिम धाग्याची असावी. खिसे जाळीचे आणि चेनचे असावेत, कारण साध्या खिशात आधी पाणी शिरते आणि मग त्यातली गाडीची किल्ली बाहेर पडते.

अंगात घालायला सर्वांत योग्य वस्त्र कोकणातल्या घरोघरी आधीच पडून असते: गावच्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेची लांब बाह्यांची पॉलिस्टर जर्सी. ती पाणी धरून ठेवत नाही, वाऱ्यावर चटकन वाळते, रंगाने भडक असल्यामुळे मच्छीमारांच्या होड्यांना लांबून दिसते, आणि पाठीवर प्रायोजकाचे नाव असले तरी ते लाइफ जॅकेटखाली झाकले जाते. विकतच घ्यायचे असेल तर पोहण्यासाठीचा अंगाबरोबर बसणारा लांब बाह्यांचा टीशर्ट पाहावा. त्यावर ‘यूपीएफ ५०’ लिहिलेले असेल, तर त्या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो, असा त्याचा अर्थ. पातळ पांढरा सुती टीशर्ट मात्र ओला झाला की उन्हापासून फारसे रक्षण करत नाही आणि इतर बाबतींतही काही लपवत नाही.

उन्हाचा मुद्दा येथे जरा सविस्तर मांडायला हवा. परदेशी मार्गदर्शिका वाचून आलेले लोक वेटसूटची, म्हणजे थंड पाण्यात अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाची, चौकशी करतात. कयाक ही मुळात थंड मुलुखातली गोष्ट. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्यांनी सीलच्या कातड्याचा, डोके झाकणारा अंगरखा वरून बंद असलेल्या कयाकच्या, आत बसायच्या तोंडाशीच आवळून बांधण्याची पद्धत काढली होती, कारण तिथे बर्फाळ पाणी आत आले तर जिवावर बेतत असे. ब्रिटनमध्ये किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींनीही हवा कितीही उबदार वाटली तरी पाण्याच्या तापमानानुसारच कपडे घालावेत. आपल्या किनाऱ्यावर पाणी कोमट असते. इथे जाड वेटसूट घालून डिसेंबरच्या दुपारी वल्हवणारा माणूस स्वतःलाच उकडून घेतो. आपला खरा शत्रू ऊन आणि त्याच्या जोडीला मीठ. कयाकवर पाय पुढे पसरलेले असतात, त्यामुळे मांड्यांचा वरचा भाग, नडगी आणि पावलांची वरची बाजू तासन् तास आभाळाकडे तोंड करून असते, आणि पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन हनुवटीच्या खालीही पोहोचते. गुडघ्याखाली जाणारी नायलॉनची लेगिंग घातली तर हा प्रश्न निम्मा सुटतो, पण बाजारातल्या बऱ्याच लेगिंग्ज सुती असतात, म्हणून लेबल वाचून घ्यावे. टोपी हनुवटीखाली बांधता येणारी हवी आणि चष्म्याला मागून दोरी हवी. खाडीच्या चिखलात पडलेला चष्मा ओहोटीलाही सापडत नाही.

ओढणी, साडीचा पदर, सुटे स्कार्फ आणि गळ्यात दोरीने लटकवलेला मोबाइल यांपैकी काहीही सोबत नको, कारण पाण्यात पडल्यावर हीच मंडळी वल्ह्यात किंवा जॅकेटच्या बकलात अडकतात. लांब मंगळसूत्र आणि सैल अंगठ्या मुक्कामावरच ठेवाव्यात. पावसाळी पोंचोही टाळावा. त्यात वाराही भरतो आणि पाणीही.

लाइफ जॅकेट सर्व कपड्यांच्या वर येते, त्याच्यावर काहीही नाही, अगदी फोटोपुरतेही नाही. सगळे पट्टे आवळून झाल्यावर सोबत्याला खांद्यांपाशी धरून ते वर ओढायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर पाण्यात जॅकेट वर आणि आपण खाली राहणार, असे समजून लहान मापाचे मागावे. देणारा मनुष्य ‘चालतं हो’ म्हणेल. तरीही बदलून घ्यावे. जॅकेटची कड काखेत घासते, त्यात खारे पाणी गेले की दुसऱ्या दिवशी हात अंगापासून दूर ठेवून चालावे लागते, आणि म्हणूनही बिनबाह्यांचे बनियन उपयोगाचे नाही.

पायांत अंगठ्याची चप्पल नसावी. ती एक तर चिखलात रुतून राहते किंवा आपल्याआधी प्रवासाला निघते. अनवाणी उतरणेही बरे नव्हे, कारण खाडीतल्या खडकांवर आणि कांदळांच्या मुळांवर चिकटलेल्या कालवांच्या कडा धारदार असतात आणि त्यांची जखम लवकर भरत नाही. मागे पट्टा असलेले जुने पावसाळी सँडल पुरेसे होतात.

कोलाडच्या कुंडलिका नदीचे गणित निराळे. धरणातून सोडलेल्या पाण्याचा वेग आणि खडक यांमुळे तिथे हेल्मेट आणि बोटे झाकणारे बूट हवेतच. पवनेसारख्या जलाशयावर थंडीत पहाटे जाणार असाल, तर पातळ विंडचीटर जवळ ठेवावा.

नवे कपडे घेतल्यावर एक तालीम घरीच करता येते. सगळा वेष चढवून न्हाणीघरात अंगावर दोन बादल्या पाणी ओतावे, मग जमिनीवर पाय पसरून बसावे आणि पंधरा मिनिटे हात वल्हवल्यासारखे फिरवावेत. काय घासते, काय घसरते आणि काय पारदर्शक होते, हे घरातली माणसे निःसंकोचपणे सांगतात.

कोरड्या कपड्यांची पिशवी किनाऱ्यावरच ठेवावी आणि तिच्यात एक पंचा आवर्जून घालावा. अंग पुसायला, आडोसा म्हणून गुंडाळायला आणि गाडीच्या सीटवर अंथरायला तो एकटाच पुरतो, शिवाय जाड टॉवेलपेक्षा लवकर वाळतो. परतल्यावर जर्सी, बर्मुडा आणि सँडल त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळत टाकावेत, आणि खिशाच्या चेनी धुताना दोन-तीनदा मागेपुढे कराव्यात, नाहीतर मीठ साचून त्या जाम होतात.