हिपॅटायटिस बी : तपासणी, लस आणि रोजची दक्षता यांचा क्रम कसा लावावा

मुंबईत पावसाळा लागला की काविळीची चर्चा सुरू होते आणि उकळलेले पाणी, उघड्यावरचे खाणे यांविषयीच्या सूचना घरोघरी फिरू लागतात. दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई यांच्यासाठी त्या सूचना योग्यच आहेत. परंतु हिपॅटायटिस बी या वाटेने येत नाही. त्याचा विषाणू बाधित व्यक्तीचे रक्त, वीर्य आणि योनिस्राव यांतून, तसेच प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, लोकलच्या गर्दीत खेटून उभे राहिल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. शिवाय पुष्कळ जणांना कावीळ न होताच तो वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसतो. त्यामुळे डोळे पिवळे होण्याची वाट पाहत बसणे निरुपयोगी आहे, आणि पिवळे झाल्यावर गळ्यात माळ घालून कावीळ उतरवण्यात वेळ घालवणे धोक्याचे.

सर्वप्रथम रक्ताची तपासणी करून घ्यावी. प्रयोगशाळेत एचबीएसएजी ही चाचणी सांगावी; ती विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन रक्तात शोधते. जुने डॉक्टर तिला अजूनही ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात, कारण अमेरिकी शास्त्रज्ञ बारूख ब्लमबर्ग यांना 1960च्या दशकात हे प्रथिन ऑस्ट्रेलियातील एका मूळनिवासी व्यक्तीच्या रक्तात सापडले होते. या चाचणीसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. अहवालात ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेले असेल तर विषाणू शरीरात असण्याची शक्यता असते आणि पुढील तपासण्यांनी त्याची खात्री करावी लागते. ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ असेल तर सध्या संसर्ग आढळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. लागण होऊन काही आठवडेच झाले असतील तर ती या चाचणीतून निसटू शकते, आणि शरीरात संरक्षण आहे की नाही हेही ती सांगत नाही. संरक्षणासाठी अँटी-एचबीएस ही वेगळी चाचणी असते, आणि तिचे प्रमाण 10 (mIU/mL) किंवा अधिक आले तर ते पुरेसे मानले जाते. आपण धडधाकट आहोत, मग तपासणी कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी अमिताभ बच्चन यांचे उदाहरण लक्षात घ्यावे. 1982च्या चित्रीकरणातील अपघातानंतर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले, त्यातून हा संसर्ग झाला आणि तो कळेपर्यंत यकृताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी झाला होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. आता रक्तपेढ्यांना प्रत्येक पिशवीची ही तपासणी करणे बंधनकारक आहे.

संसर्ग नसेल आणि पूर्वी लस घेतलेली नसेल, तर प्रौढांनी तीन मात्रा घ्याव्यात : पहिली आज, दुसरी एक महिन्याने, तिसरी पहिल्या मात्रेपासून सहा महिन्यांनी. तिसरी मात्रा सर्वाधिक विसरली जाते, म्हणून तिची तारीख पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी. उशीर झाला तरी सुरुवातीपासून पुन्हा घ्यावे लागत नाही. राहिलेली मात्रा घेतली की झाले. ही लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर 2011पासून आहे, त्यामुळे आज नोकरी-धंदा करणाऱ्या पिढीतील पुष्कळांना ती लहानपणी मिळालेलीच नाही.

नवजात बाळाच्या बाबतीत मात्र घाई आवश्यक आहे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या सुमारे 90 टक्के बाळांत हा आजार कायमचा होतो, तर निरोगी प्रौढांत हे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी असते. म्हणून गरोदरपणाच्या नोंदणीतच आईची तपासणी करावी. बाळाला पहिली मात्रा जन्मानंतर 24 तासांच्या आत मिळाली का, हे घरी जाण्यापूर्वी लसीकरण कार्डावर पाहावे; पुढच्या मात्रा 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतून मिळतात. आई बाधित असेल तर बाळाला त्याच वेळी इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शनही द्यावे लागते. ती दोन्ही मिळाल्यावर आईने बाळाला निःशंकपणे अंगावर पाजावे.

रोजच्या व्यवहारात रक्त लागू शकेल अशा वस्तूंवर नजर ठेवावी. विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सलूनमध्ये नवे पाते समोर फोडून वस्तऱ्यात घालायला सांगण्याची सवय बहुतेकांना लागली आहे, पण दाढीनंतर कापलेल्या जागेवरून फिरवला जाणारा तुरटीचा खडा दिवसभर किती गालांवरून जातो, याकडे कोणी पाहत नाही. तो सरळ नाकारावा, किंवा स्वतःचा खडा सोबत न्यावा. कारागीर हसला तर हसू द्यावा. घरातही रेझर, टूथब्रश आणि नेलकटर प्रत्येकाचा वेगळा असावा. नाक-कान टोचताना आणि टॅटू काढताना सुई नवी व शाई ताज्या कपात ओतलेली असावी. जोडीदाराची तपासणी आणि लसीकरण होईपर्यंत कंडोम वापरावा.

कचऱ्यातील सुई टोचली, तर जखम दाबून रक्त काढू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण लस व इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो 24 तासांत घ्यायचे असते.

अहवाल बाधित आला, तर घरातील सर्वांची तपासणी करावी, मद्य बंद करावे आणि यकृततज्ज्ञांना भेटावे. प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही. विषाणूचे प्रमाण आणि यकृताची स्थिती पाहून ते ठरते. टेनोफोविर व एंटेकाव्हिर विषाणू आटोक्यात ठेवतात, सहसा समूळ घालवत नाहीत, म्हणून बरे वाटले तरी गोळ्या परस्पर थांबवू नयेत. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात; जवळच्या मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात त्याची चौकशी करावी. केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू होणार असेल, तर त्या डॉक्टरांना हा अहवाल आधीच दाखवावा, कारण अशा उपचारांत दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.