कशातच गोडी वाटेना, त्यावर लागू पडलेला उपाय

लक्षण: चहा बेचव, गाणी नकोशी, कशात मन लागेना. दिवसभर लोळणं, रील्स, आवडत्या गोष्टींची लांबलचक यादी, सगळं करून जीव वैतागला.

लागू पडलं ते असं. रात्रीच कागदावर एकच काम वेळेसकट लिहायचं: '७:१०, आल्याचा चहा, गॅलरीत, मोबाईल आत.' दहा मिनिटांहून मोठं नको. आधी मूडला १० पैकी गुण द्यायचे, मग सुरुवात. इच्छेची वाट बघायची नाही. उदासीत ती कृतीनंतर येते, आणि बहुतेकांचं इथेच अडतं. पिताना लक्ष एकाच ठिकाणी: घशातला आल्याचा झणका. लगेच पुन्हा गुण. ३ चे ४ झाले तरी उद्या तेच; आकडा हललाच नाही तर काम बदलायचं.

दोन आठवड्यांत उतार नसेल तर डॉक्टर गाठाच. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.