चर्चच्या जागेवर बिल्डर आला तर मंडळीने भूमिका कशी ठरवायची

गावाजवळून चारपदरी रोड गेला की सगळ्यांची नजर मिशन कंपाउंडवर, म्हणजे जुन्या मिशनच्या चर्चच्या आवारावर जाते. मग कोणीतरी येऊन म्हणते, पास्टरसाहेब समोरची पट्टी दुकानांसाठी द्या, मागे नवीन चर्च बांधून देतो. लगेच मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दोन पार्ट्या, एकीचं म्हणणं इंचभर देणार नाही, दुसरीचं म्हणणं पत्रे गळून राह्यले तं पैसा कुठून आणता. दोघांचंही बरोबर आहे पण भांडण नंतर करा बाप्पा, आधी कागद काढा.

सातबारा ऑनलाइन निघतो, त्यात भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. विदर्भात कितीतरी ठिकाणी अजून जुन्या परदेशी मिशनचंच नाव असते, कुठे ट्रस्टचं. इतर हक्काचा रकानाही वाचा, आणि भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर जागा सरकारकडून अटीवर मिळालेली, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीचा विषय वेगळा. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद) आणि गावाचं निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या जागांची नोंद) पण काढा, कारण आपण ज्याला आपलं कबरस्थान म्हणतो ते कागदावर सरकारी जागेत निघू शकते. मग मोजणी करून घ्या, कुंपण आणि नकाशा जुळतोच असं नाही.

सातबाऱ्यासोबत धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट १ चा उतारा घ्या. त्यात विश्वस्त कोण आणि मिळकती कोणत्या हे असते. विश्वस्त मरून वर्षं झाली आणि बदल अर्ज कोणी टाकलाच नाही, हे आपल्याकडे नेहमीचं. आणि "चर्च सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) गेलं म्हणजे जमीनही आपोआप गेली" हे गृहीत धरू नका. सीएनआय १९७० मध्ये आपल्या नागपुरातच स्थापन झाली, पण २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या ब्रदरन चर्चच्या केसमध्ये सांगितलं की नुसता विलीनीकरणाचा ठराव केल्याने ट्रस्टची मिळकत दुसरीकडे जात नाही.

आता कायद्याचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. विक्री, अदलाबदल, बक्षीस, शेतजमिनीचा १० वर्षांवरचा आणि बिनशेती जागेचा किंवा इमारतीचा ३ वर्षांवरचा भाडेपट्टा, हे सगळं धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध नाही. कागदाला डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट म्हटलं म्हणून यातून सुटका झाली असं समजू नका. बिल्डर म्हणेल फक्त संमतीपत्रावर सह्या द्या, बाकी आम्ही पाहून घेऊ. नाही द्यायच्या. पॉवर ऑफ ॲटर्नी तर अजिबातच नाही.

मग मंडळीची सभा. रविवारच्या उपासनेत तारीख सांगा, पुण्या-नागपुरात नोकरीवर असलेल्यांना व्हॉट्सॲपवर कळवा, आणि कंपाउंडच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या घरांना मुद्दाम बोलवा, उठवायचं झालं तर पहिले तेच उठतात. सभेत नुसतं हो किंवा नाही लिहू नका, साधारण असं लिहा: "गट नंबर अमुक, पैकी चर्च इमारत, कबरस्थान, विहीर व वाट यांना कोणत्याही प्रस्तावात हात लावला जाणार नाही. रोडलगतची इतके आर जागा विकली जाणार नाही, भाड्याने देण्याचा विचार करता येईल, भाडं ट्रस्टच्या खात्यात जमा होईल व हिशोब दरवर्षी मंडळीसमोर वाचला जाईल." खाली हजर लोकांची नावं, सह्या, आणि ज्यांचा विरोध आहे त्यांचा विरोधही तसाच नोंदवा. माझं मत विचाराल तर विक्री कधीच नको, पैसा एकदाच येतो आणि पुढच्या कमिटीपर्यंत उरत नाही, भाड्यातून दरवर्षी पत्रे तरी बदलता येतात.

ठराव विश्वस्त आणि डायोसीस (बिशपचं कार्यालय) दोघांना पाठवा. मंडळीला न विचारता कोणी परवानगीचा अर्ज टाकलाच असेल तर हितसंबंधित म्हणून हरकत घेता येते, नागपूर किंवा अमरावती, आपला जिल्हा ज्या कार्यालयाखाली येतो तिथे जा. ठरावाची नक्कल, सह्यांचा कागद, मोजणीचा नकाशा जोडा आणि आवकचा शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका.