'बेल आउट' म्हणजे दरवेळी जामीन नव्हे: या चुका टाळा

इंग्रजी बातम्या मराठीत आणणाऱ्या नवशिक्यांची कॉपी तपासताना मूळ बातमीत 'बेल आउट' दिसलं की मी आधी पेन उघडतो. बेल म्हणजे जामीन, एवढ्या भांडवलावर सगळे निघालेले असतात.

एका उमेदवार उपसंपादकाने लिहिलं होतं, 'इंजिनाने पेट घेताच वैमानिकाला जामीन मिळाला.' मी विचारलं, कोणत्या न्यायालयाने दिला? तर म्हणे, 'मूळ बातमीत तेवढा तपशील नाहीये, सर.' मूळ बातमीत वैमानिकाने पॅराशूट घेऊन उडी मारली होती. शब्दकोश टेबलावरच होता, पण पहिला अर्थ उचलून गडी मोकळा झाला. तीन ओळी खाली नजर न्यायलाही उसंत नसेल, तर भाषांतराच्या वाटेला जाऊ नये.

इथे 'बेल' मुळात दोन आहेत. कोर्टातला बेल 'सोपवणे, ताब्यात ठेवणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदातून आला. दुसरा नावेतला. तो बादलीसाठीच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आला आणि त्याचा अर्थ नावेत शिरलेलं पाणी उपसून काढणं. फार मागे गेलं तर दोघेही लॅटिनमधल्या 'बायुलुस'पाशी, म्हणजे ओझं वाहणाऱ्यापाशी, पोचतात. पण इंग्रजीत त्यांचे संसार वेगळे. 'बेल आउट'चा पॅराशूटने उडी मारणं हा अर्थ विसाव्या शतकातला.

माझी सवय सोपी आहे: बाहेर कोण पडतंय आणि कशातून, ते आधी बघायचं. कोठडीतून आरोपी असेल तर जामीन, नावेतून पाणी असेल तर उपसा, विमानातून माणूस असेल तर उडी. आणि तोट्यातून बँक किंवा कंपनी बाहेर निघत असेल तर सरळ 'आर्थिक मदत देऊन वाचवणे'. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी संसदेने बुडत्या वित्तसंस्थांसाठी ७०,००० कोटी डॉलरपर्यंतची योजना मंजूर केली. तिथे 'बँकांना जामीन' लिहिणाऱ्यांना माफी नाही. गंमत म्हणजे क्रायस्लर मोटार कंपनीच्या बाबतीत, १९७९ च्या कायद्याने, सरकारने १५० कोटी डॉलरच्या कर्जांना हमी दिली होती. तिथे 'सरकार जामीन राहिलं' हे चक्क बरोबर ठरलं असतं. पण ते कळायला बातमी शेवटपर्यंत वाचावी लागते.

बाकीच्या चुका किरकोळ. सर्वनाम मध्येच येतं: 'बेल हिम आउट', 'बेल आउट हिम' नाही. नाम असेल तर इंग्रजीत जोडून, क्रियापद असेल तर तोडून. ब्रिटिश लेखनात पाणी आणि विमान या अर्थांनी शेवटी 'ई' असलेलं 'bale' हे स्पेलिंगही चालतं. जामिनासाठी ते कधीच नाही. आणि 'बेल ऑन' म्हणजे ऐनवेळी टांग देणं. त्यात ना कोर्ट, ना बादली.